टीव्हीकडे पाठ करून बसणाऱ्या बाई

बाई, मी हसलो होतो.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगायची गरजच नव्हती, तुम्ही पाहिलं होतंत. तुमच्यानंतर आता ते लक्षात ठेवणारं माणूस एकच उरलं, आणि तिच्यासमोर मी ते एकदा सपशेल नाकारलेलं आहे.

मागच्या आठवड्यात तुमच्या मातीला चर्चची सगळी मंडळी जमली होती. आताच्या पाळकांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी बोललो की सुलोचनाबाईंनी आयुष्यभर सांभाळलेला शब्बाथशाळेचा, मुलांचा रविवारचा वर्ग मोठ्या मनानं आणि स्वखुशीनं माझ्या हाती दिला. लोकांनी माना डोलावल्या. मोठ्या मनानं हे खरं होतं. स्वखुशीनं हे खोटं होतं. तुमच्या पेटीशेजारी उभं राहून मी ते बोललो, आणि घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. म्हणून हे लिहायला बसलो. आपल्या मंडळीच्या मासिकात छापायला देणार आहे. छापतील की नाही, ते त्यांचं ते बघतील.

तुमच्या जन्मगावाचं, नोकरीचं, रेल्वेच्या शाळेतल्या निरोपसमारंभाचं दुसरं कोणीतरी लिहील. मला त्या एका मालिकेचं लिहायचं आहे. लोकांना वाटेल, बाई गेल्या आणि हा टीव्हीवरच्या मालिकेचं काय घेऊन बसला! तुम्ही मात्र म्हणाला असतात, "बरोबर जागी हात घातलास."

ती आंध्र राज्य तुटून तेलंगण वेगळं होण्याची वर्षं होती. आज बंद, उद्या रास्ता रोको, परवा कुठं तरी मोर्चा. सिकंदराबादच्या शाळा भरल्या तर भरल्या. पोरं दिवसभर घरात, आणि घरात टीव्ही. 'एक छत, नौ छाते' नावाची ती हिंदी मालिका तेव्हा भलतीच गाजत होती. एका लहानशा फ्लॅटमध्ये नऊ माणसं, भांडणं, गमती, आणि मागून हसण्याचे आवाज. नवा भाग रात्री आठला लागायचा, म्हणजे नेमका आपल्या घराघरांतल्या कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळेला. आपले पंच वसंतराव, त्यांच्या घरी सगळे डोळे मिटून बसले असताना त्यांच्या नातवानं मालिकेचं गाणं गुणगुणलं. वसंतरावांनी आमेन होईस्तोवर दम धरला, आणि दुसऱ्या दिवशी पंचांची सभा बोलावली.

सभेत ठरलं की कोणीतरी ती मालिका बघावी आणि ख्रिस्ती घरांतल्या मुलांसाठी ती योग्य की अयोग्य याचं मत मंडळीला द्यावं. तुम्ही शब्बाथशाळेच्या बाई, म्हणून तुमचं नाव आलं. माझं का आलं? माझ्या घरी नऊ वर्षांची माझी कृपा होती, आणि मी शांत माणूस म्हणून प्रसिद्ध होतो. शांत माणूस! बाई, त्या वर्षांत माझ्या ऑफिसात रोज एकमेकांना विचारत, तू इकडचा की तिकडचा? सरकारी खातं, त्याची वाटणी व्हायची होती, माणसांचीही व्हायची होती. मी तिसराच. जन्म इथल्याच बरकतपुऱ्यातला, बोलणं मराठी. एकजण म्हणायचा, "तुम तो हमारेच हैं ना भाई?" दुसरा तेच तेलुगूत म्हणायचा, "मीरु मावाळ्ळे कदा?" मी दोघांनाही हसून मान हलवायचो. गप्प बसून निभतं, हे मी तिथं शिकलो. त्याला लोक शांतपणा म्हणायचे.

तुम्हाला असल्या वाटणीचं फारसं काही वाटत नसे. तुम्ही म्हणायचात, "मी आधीची बघितलीय. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले तेव्हा एवढीशी होते. चर्चमधली अर्धी बाकं रिकामी झाली. मोठी माणसं रडली आणि आम्हा पोरांना बसायला जागा मिळाली." आणि मग स्वतःच हसायचात.

मालिका बघायला तुम्ही मला आणि कृपाला मेट्टुगुड्याच्या तुमच्या घरी बोलावलंत, मंडळीतली आणखी चार-पाच पोरंही. त्या दिवशीही बंदच होता. जुने भाग दिवसभर लागत होते. भरतकाम केलेलं टीव्हीवरचं कापड तुम्ही घडी करून बाजूला ठेवलंत, पोरांना चटईवर बसवलंत, मला खुर्ची दिलीत, आणि स्वतः टीव्हीच्या खाली, टीव्हीकडे पाठ करून पाटावर बसलात.

मी म्हटलं, "बाई, तुम्हाला दिसणार कसं?"

"मला काय बघायचंय ते मला दिसतंय. तू तुझं बघ."

कृपा म्हणाली, "बाई, उलट्या बसल्या तुम्ही!"

"हौ," तुम्ही म्हणालात, आणि लगेच जीभ चावलीत, कारण आम्ही 'हौ' म्हटलं की तुम्ही 'हो म्हणा' म्हणून कान पकडायचात. पोरं ओरडली, "बाई हौ बोलल्या, बाई हौ बोलल्या!" मालिकेआधीच पहिला हशा तुमच्यावर झाला.

तुम्ही तासभर पोरांची तोंडं बघत होतात. कुठं हसतात, कोणावर हसतात, हसण्याआधी एकमेकांकडे बघतात का. मी पुढं वर्ग घेतला, मुलांचे पुष्कळ मेळावे पाहिले, मुलांनी काय बघावं यावरची भाषणं ऐकली. मालिकेकडे पाठ करून मुलांकडे बघत बसलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

त्या भागात घरातल्या बापाची नोकरी गेलेली असते. घरी सांगायची लाज वाटते म्हणून तो रोज डबा घेऊन निघतो आणि मागच्या दारानं येऊन माळ्यावर लपतो. आजीला तो सापडतो. ती म्हणते, कोणाला सांगणार नाही, आणि चहा देऊन जाते. मग बायकोला सापडतो, मग मुलीला, मग भावाला. प्रत्येकाला वाटतं आपल्यालाच ठाऊक आहे. प्रत्येकजण चोरून काहीतरी खायला नेऊन देतो. माळ्यावर ताटांवर ताटं. बाप जाडजूड होत चाललेला, आणि शेवटी माळाच खाली येतो.

बाई, कृपाच्या आईला, आशाला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ऑफिसातून आलो की मी घरात न जाता गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसायचो. मला वाटायचं, कृपाला ठाऊक नाही. त्या दिवशी माळा कोसळला आणि कृपा खो-खो हसत वळली, माझ्या गुडघ्याला मिठी मारून म्हणाली, "पप्पा, तुमी टाकीपीछे बसते ना, मी पण बिस्किटं ठेवून जाते. तुमाला वाटतं शेजारच्या आंटी ठेवतात!" आणि मी हसलो. साधं नाही, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, खुर्ची हलेपर्यंत. आशा गेल्यापासून पहिल्यांदा. कृपा माझ्याकडे बघतच राहिली आणि मग तीही नव्यानं हसू लागली. समोर तुम्ही पाटावर, टीव्हीकडे पाठ, आणि तुमची नजर आता पोरांवर नव्हती. माझ्यावर होती.

तुम्ही उठून पोरांना चिवडा दिलात.

पोरं गेल्यावर आपला वाद झाला. तो अर्धाच राहिला आहे. त्या मालिकेत शेजारी एक पिंटो अंकल होता, ख्रिस्ती, कायम हातात बाटली, कायम तिरपा चालणारा. मी म्हटलं, "बाई, एवढ्यासाठी तरी नको. ऑफिसात मला डिसेंबर आला की विचारतात, क्या पिंटो, स्टॉक भर लिया? मी आयुष्यात दारूला शिवलेलो नाही."

तुम्ही म्हणालात, "लागतं ना तुला? मग ते पोरांना सांग. टीव्ही बंद केल्यानं तुझ्या ऑफिसातली माणसं बंद होणार आहेत का?"

"पण पोरं हसतात त्याच्यावर."

"मोठी दोघं हसली. लहान नाही हसली. लहानांनी मोठ्यांकडे बघितलं आणि मग हसली. म्हणजे शिकवलेलं हसू आहे ते. शिकवलेलं आहे तर उलटं पण शिकवता येतं. माळ्यावरच्या बापाला बघून हसली ती न शिकवता."

"तुम्हाला आवडली का पण मालिका?"

"मला? मला नाही आवडली बुवा. किती तो आवाज. आणि ती धाकटी सून उगीच किंचाळते. पण माझ्या आवडीचं कोणी विचारलंय का? मुलांना चालेल का, एवढं विचारलंय."

आवडनिवड आणि न्याय यांची गाठ तुम्ही कधी पडू दिली नाहीत. माझ्या लहानपणी वर्गात पाठ केलेलं उत्तर घडाघडा म्हणणाऱ्याला तुम्ही सांगायचात, "छान. ते खिशात ठेव. आता तुझं सांग." मी नेहमी खिशातलंच देत आलो, बाई.

मग ती सभा. वसंतराव तयारीनं आले होते. म्हणाले, "त्या मालिकेत रोज देवपूजा दाखवतात."

तुम्ही म्हणालात, "आपल्या शेजारी रोज होते. शेजारी बंद करायचे का?"

"त्यातला बाप खोटं बोलतो."

"शास्त्रातल्या धाकट्या भावानं आंधळ्या बापाला काय खरं सांगितलं होतं? थोरल्यासारखं केसाळ लागावं म्हणून अंगाला शेळीची कातडी बांधून गेला होता. आणि ते चित्र आपण पाच वर्षांच्या पोरांना रंगवायला देतो. त्या शेळीला तुमच्या नातवानं जांभळा रंग दिलाय, भिंतीवर लावलंय मी."

लोक हसले. वसंतरावही ओठ दाबून हसले. नंतर तुम्ही शांतपणे मत मांडलंत. मुलांना एकटं सोडून बघू देऊ नये, घरातल्या मोठ्यानं शेजारी बसावं. पिंटो अंकलबद्दल वर्गात उघड बोलावं. प्रार्थनेची वेळ मोडू नये, नवा भाग हुकला तर दुसऱ्या दिवशी जुना म्हणून बघावा. एवढं पाळलं तर मालिका चालेल, नुसती चालेल असं नाही, काही घरांना तिची गरज आहे. हे म्हणताना तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. मग म्हणालात, "मी एकटीनं नाही बघितली. अविनाशनं बघितलीय. त्याला विचारा."

जुने पाळकसाहेब भले गृहस्थ होते. त्यांना वाद सोसत नसे. त्यांनी मऊ आवाजात विचारलं, "अविनाश?"

सगळ्यांच्या माना वळल्या. मला फक्त म्हणायचं होतं, हो, मी पाहिली, मी हसलो, मला बरं वाटलं. विधुर माणूस, बायकोच्या वर्षश्राद्धाआत, म्हणजे आपण श्राद्ध म्हणत नाही, पण लोकांच्या मनात ते असतंच, टीव्हीवरचा विनोद बघून हसला. हे त्या खोलीत बोलायचं होतं.

मी म्हणालो, "मंडळी म्हणेल तसं, पाळकसाहेब."

त्यानंतर जे झालं ते आपल्याच मंडळीत होऊ शकतं. आपल्याकडे हात वर करून मतं घेत नाहीत, पाळकसाहेब 'आपण प्रार्थना करू या' म्हणतात. त्यांनी डोळे मिटले. शहरात शांती दे म्हणाले, पुढाऱ्यांना सुबुद्धी दे, परीक्षा जवळ आल्या आहेत, लेकरांना सांभाळ, आणि त्याच ओघात, आवाज जराही न बदलता, "आणि हे प्रभू, या मालिकेच्या मोहापासून आमची घरं दूर ठेव, अशी तुझ्या लेकरांची एकमुखी विनंती आहे." झाला ठराव. प्रार्थनेला नाही कोण म्हणणार?

माझे डोळे उघडे होते, बाई. तुमचेही. साऱ्या खोलीत मिटलेले चेहरे आणि आपण दोघं एकमेकांकडे बघत होतो. तुम्ही ओठ मिटून घेतले होते. मी तुमच्या डोळ्यांत बघत "आमेन" म्हणालो. चांगलं मोठ्यानं.

सगळे उठायला लागले तेव्हा तुम्ही बसल्या जागेवरून म्हणालात, "पाळकसाहेब, मी आमेन म्हटलेलं नाही."

वसंतराव म्हणाले, "बाई, प्रार्थनेला नाही म्हणता?"

"प्रार्थनेला नाही म्हणत. प्रार्थनेत घालून आणलेल्या ठरावाला म्हणते. देवाशी बोलताना देवाशीच बोलावं, पंचांशी बोलायचं ते डोळे उघडे ठेवून."

पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. येत्या रविवारपासून वर्गात मुलांना हे सांगितलं पाहिजे, असं ते अगदी संकोचून म्हणाले. तुम्ही म्हणालात, "मला जे खरं वाटत नाही ते मी पोरांना सांगणार नाही. दुसरं कोणी बघा."

बस बंद होत्या. मी तुम्हाला स्कूटरवरून घरी सोडलं. रस्ता रिकामा, दुकानं मिटलेली. मला वाटत होतं, तुम्ही मला झाडणार. फाटकाशी उतरलात, पदर सारखा केलात आणि म्हणालात, "रविवारपासून वर्ग तू घे."

"मी? बाई, मी कसा?"

"तुला हसता येतं. मी बघितलंय. पोरांना तेवढं पुष्कळ आहे, बाकीचं शास्त्र ती आपोआप शिकतात."

मी तिथंच सांगायला हवं होतं की नाही घेणार. तुम्ही शिक्षा केली नाहीत, वर्ग काढूनही घेतला नव्हता कोणी, तुम्ही तो खाली ठेवलात आणि जाताना माझ्यात उरलेलं एक चांगलं बघून तो माझ्या हाती दिलात. इतक्या वर्षांत मला कोणी इतकं दिलेलं नाही. आणि मी ते घेऊन काय केलं?

पहिल्याच रविवारी मी पोरांपुढं उभा राहिलो आणि सांगितलं की ती मालिका आपल्यासारख्यांच्या मुलांसाठी नाही. त्यात हसण्यासारखं काही नाही. कृपा पुढच्या चटईवर बसली होती. ती म्हणाली, "पर पप्पा, तुमी पण हसले ना. बाईंच्या घरी. किती हसले!"

पोरं माझ्याकडे बघायला लागली. दारात वसंतराव उभे होते.

मी म्हणालो, "नाही. मी हसलो नव्हतो. उगीच काहीतरी बोलू नये."

मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "झूटी." कृपाचा चेहरा लाल झाला. तिनं वाद घातला नाही. खाली बघून चटईची काडी ओढत राहिली. त्यानंतर टाकीमागं बिस्किटं आली नाहीत. मीही हळूहळू तिथं बसायचं सोडलं. आम्ही दोघं शेजारी बसून काही बघितलं, असं पुन्हा झालं नाही. ती मोठी झाली, तिला तिचा फोन मिळाला, तिच्या खोलीतून तिचं हसणं ऐकू यायचं. मी बाहेर वर्तमानपत्र वाचायचो.

तुम्ही दर रविवारी येत राहिलात, तिसऱ्या बाकावर. वर्गाच्या खोलीकडे कधी डोकावला नाहीत. पोरांना मात्र वाढदिवसाला तुमच्याकडूनच चिंचेच्या गोळ्या मिळायच्या. मला वाटतं, काय घडलं ते तुम्हाला कळलं होतं. पोरं तुम्हाला सगळं सांगायची. एकदा पायऱ्यांवर तुम्ही सहज विचारलंत, "काय रे, ती छत्र्यांची मालिका संपली का?"

मी म्हटलं, "माहीत नाही, बाई."

"माहीत नाही म्हणे!" तुम्ही हसलात, पण डोळे माझ्यावर तसेच, पाटावरून बघत होतात तसे. मी पुढं बोलावं म्हणून तुम्ही एक पायरी थांबलात. मी पुढं निघून गेलो.

दवाखान्यातही मी तेच केलं. शेवटचा आलो तेव्हा सगळं कबूल करायचं ठरवून आलो होतो. तुम्ही नर्सला तेलुगूत विचारत होतात की तिच्या मुलाला दात आले का. ती गेल्यावर माझ्याकडे वळलात. "बोल, अविनाश."

मी म्हणालो, "ऊन फार झालंय बाई यंदा."

"हे सांगायला एवढ्या लांबून आलास?" तुमचा हात सुईच्या पट्टीसकट माझ्या हातावर आला. "बस. ऊन कमी झालं की जा."

मी बसलो. तुम्ही झोपलात. ऊन कमी झाल्यावर मी गेलो.

तुम्ही चुकला होतात का, बाई? मला निवडण्यात? मी बारा महिने तेरा काळ भ्यालेला माणूस. पण अलीकडे वर्गात एक गोष्ट मी करतो. कोणी मूल हसलं की गोष्ट थांबवतो आणि विचारतो, कशाला हसलास? दटावायला नाही, खरंच जाणून घ्यायला. ते मी तुमच्याकडून घेतलं, तुमचं नाव न सांगता. पिंटो अंकलसारखी माणसं कुठं दाखवली तर ऑफिसातलं माझं डिसेंबरातलं मी पोरांना सांगतो. आपल्या त्या अर्ध्या वादात तुमचं बरोबर होतं. मला तेव्हाच ठाऊक होतं, कबूल करायला एवढी वर्षं लागली.

हे छापून आलं तर मंडळी वाचेल. वसंतराव आहेत अजून, त्यांची सून त्यांना वाचून दाखवेल. सुलोचनाबाईंचं मत बरोबर होतं, त्यांनी वर्ग स्वखुशीनं सोडला नाही, माझ्या गप्प बसण्यानं सोडावा लागला, एवढं त्यांना कळेल. तुमचं देणं त्यातून थोडंफार फिटेल, असं मी धरून चालतो.

पण कृपा मराठी वाचत नाही. अक्षरं लावून लावून वाचते आणि दुसऱ्या ओळीला सोडून देते. हा लेख तिच्यासमोर ठेवून मला सुटता येणार नाही. ती खरं बोलली होती आणि मी तिला चार पोरांसमोर खोटी ठरवलं, हे मला तिला तोंडानं सांगायचं आहे. ती आता शेजारच्या खोलीत आहे. मी अजून सांगितलेलं नाही.